लहान अक्षरे आधी वाचा

मंडळी, आता तुम्हाला वाचता येते. दुकानाची पाटी, पोथी, एस.टी.वरचे गावाचे नाव, हे सारे तुम्ही वाचता. पण एक छापील मजकूर रोज आपल्या घरात येतो आणि कोणी न वाचताच उकिरड्यावर जातो. तो म्हणजे पुड्यावरचा मजकूर. चहा, मीठ, तेल, बिस्किटे, पोरांचा खाऊ, सारे आता बंद पुड्यात मिळते. पुड्यावर जे छापलेले असते त्याला लेबल म्हणतात. या धड्यात आपण लेबल वाचायला शिकू.

"ते वाचून काय मिळायचे?" असे कोणी विचारील. त्याचे उत्तर खालच्या गप्पांत आहे. या गप्पा आम्ही धड्यासाठी रचल्या आहेत. पण अशा गप्पा कोणत्याही गावच्या पारावर ऐकू येतात.

पारावरच्या गप्पा

तात्या : काय आक्का, आज पाय ओढत चाललाय?

आक्का : काय सांगू तात्या! गुडघं लई दुखतात. बसलं की उठवत नाही, उठलं की बसवत नाही.

तात्या : मग ही भुकटी घ्या. काल बाजारातनं डबा आणला. साडेआठशे रुपये पडले. हे बघा, केवढ्या ठळक अक्षरांत लिवलंय : "गुढगेदुखी मुळासकट जाईल."

सूनबाई : तात्या, "गुढगे" नव्हं, "गुडघे". आधी ड, मग घ. छापणारानं अक्षरं चुकवलीत.

तात्या : ग काय आन् घ काय! दुखणं तर एकच. एका अक्षरापायी औषध खोटं ठरतं व्हय?

आक्का : तेही खरंच. पण आणा बघू डबा इकडं. खाली बारीक काय लिवलंय? थांबा, चष्मा लावते. "औ... ष... धी... य उपयोग के लिए... नहीं."

सूनबाई : आत्याबाई, हे हिंदी आहे. "औषध म्हणून वापरण्यासाठी नाही," असा त्याचा अर्थ.

तात्या : आँ? मग साडेआठशे रुपये मी कशाचं दिलं?

आक्का : ठळक अक्षरांचं दिलं, तात्या!

कोणती चूक लहान, कोणती मोठी?

आम्ही शाळेत पुष्कळ वर्षे शुद्धलेखनाच्या वह्या तपासल्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकले की तांबड्या शाईची खूण करायची, हे आमचे कामच होते. शुद्ध लिहावे, हे आम्ही आजही सांगू. तरी तात्यांचे म्हणणे आम्हाला पटते. अक्षर चुकले म्हणून माल खोटा होत नाही, आणि अक्षर शुद्ध आहे म्हणून माल खराही होत नाही. गावच्या बचत गटाच्या पापडावर एखादी वेलांटी चुकलेली असेल. पण त्यावर वजन, तारीख, आत काय घातले ते आणि करणाराचा पत्ता नीट असेल, तर तो पापड खुशाल घ्यावा.

तात्यांच्या डब्यावरची मोठी चूक निराळी आहे. वर ठळक अक्षरांत एक लिहिले आहे, खाली बारीक अक्षरांत त्याच्या उलट लिहिले आहे. ही काही शुद्धलेखनाची चूक नव्हे, ही लबाडी आहे.

असे का होते ते समजून घेऊ. ताकदीच्या पुष्कळ भुकट्या आणि गोळ्या औषध म्हणून विकल्या जात नाहीत, खाण्याचा पदार्थ म्हणून विकल्या जातात. अशा मालासाठी २०१६ साली सरकारने नियम केले. "औषधी उपयोगासाठी नाही" असे लेबलावर छापलेच पाहिजे, असा त्यांत नियम आहे. खाण्याचा पदार्थ विकणाराला "याने रोग बरा होतो" असे सांगता येत नाही. म्हणून खरे तेवढे बारीक अक्षरांत छापायचे, आणि खपाचे ते ठळक अक्षरांत, अशी युक्ती काही लोक करतात.

यापेक्षाही वाईट एक गोष्ट आहे. ती म्हणजे लेबलच नसलेली पुडी. जत्रेत, बाजारात कोणी कागदाच्या पुडीत गोळ्या देतो आणि म्हणतो, "जडीबुटी आहे, दोन दिवसांत पळायला लागाल." कधी कधी खरेच आराम वाटतो! पण अशा पुड्यांत स्टिरॉइड नावाचे जालीम औषध मिसळलेले सापडले आहे. त्याने दुखणे दबते. पण ते मनाने फार दिवस घेतले तर तोंड सुजते, रक्तातली साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. कोणी अशी पुडी बरेच दिवस घेत असेल, तर ती एकदम बंद करणेही धोक्याचे असते. पुडी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि त्यांना ती दाखवावी.

एका शब्दाने अर्थ बदलतो

आता व्याकरणाकडे वळू. भिऊ नका. हे परीक्षेचे व्याकरण नाही, बाजाराचे व्याकरण आहे.

"आंब्याचे पेय" आणि "आंब्याच्या चवीचे पेय" ही दोन्ही नावे एकदा मोठ्याने वाचा. पहिल्यात आंबा असल्याचे सांगितले आहे. दुसऱ्यात फक्त चवीचे सांगितले आहे. आंबा असेल किंवा नसेलही. "चवीचे" हा एकच शब्द मध्ये आला आणि आंबा बाजूला झाला!

"साखर नाही" आणि "वरून साखर घातलेली नाही" यांतही असाच फरक आहे. फळांत आणि दुधात मुळातच साखर असते. वरून घातली नाही म्हणून ती नाहीशी होत नाही. घरात कोणाला मधुमेह असेल तर हा फरक फार मोलाचा आहे.

"ग्रॅम" आणि "मि.ग्रॅ." हे पाहा. मि.ग्रॅ. म्हणजे मिलिग्रॅम. एक हजार मिलिग्रॅम मिळून एक ग्रॅम होतो. वाचताना "मि." सोडून दिले तर हजारपटीचा घोटाळा होतो. लेबलावर मिठाऐवजी बहुधा "सोडियम" असे लिहितात. सोडियमच्या अडीचपट म्हणजे मीठ. समजा, शेवेच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे सोडियम ८०० मि.ग्रॅ. लिहिले आहे. ८०० च्या अडीचपट २००० मि.ग्रॅ. झाले. म्हणजे १०० ग्रॅम शेवेत २ ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाने दिवसभरात सारे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता हिशेब तुम्हीच करा.

आणखी एक सावधगिरी. लेबलावरचे आकडे बहुधा इंग्रजी असतात. इंग्रजी नऊ हा आपल्या एकासारखा (१) दिसतो. इंग्रजी आठ हा आपल्या चारासारखा (४) भासतो. तारीख वाचताना नवव्या महिन्याचा पहिला महिना होऊ देऊ नका. घरातले शाळकरी पोर जवळ बसवून इंग्रजी आकडे एकदा पक्के करून घ्या. त्यात लाज कसली? पोरालाही शिकवल्याचा आनंद होईल.

लेबलावर काय काय पाहावे?

पुडा हातात घेतला की पुढची बाजू सोडा आणि पाठ फिरवा. तेथे पुढील गोष्टी शोधा.

१. तारीख. माल कधी केला किंवा कधी भरला, ती एक तारीख. आणि कधीपर्यंत वापरायचा, ती दुसरी. ही दुसरी तारीख उलटून गेलेला माल दुकानदाराने विकता कामा नये.

२. आत काय आहे. जे वजनाने सर्वांत जास्त ते सर्वांत आधी लिहितात, मग त्याहून कमी, असा क्रम असतो. बिस्किटावर "मैदा, साखर, पाम तेल" अशी सुरुवात असेल आणि बदाम शेवटी असेल, तर चित्रातल्या बदामावर भुलू नका.

३. वजन आणि किंमत. छापलेल्या किमतीत सर्व कर धरलेले असतात. त्याहून जास्त कोणी मागू नये.

४. परवान्याचा क्रमांक. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ साली झाला. त्याप्रमाणे पुड्यावर १४ आकडी क्रमांक असतो. क्रमांक आहे म्हणून माल उत्तमच, असे नाही. पण माल कोणाचा याचा माग लागतो.

५. खूण. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी.

लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावे, असा नियम आहे. मराठी असेलच असे नाही. पण हिंदी अक्षरे तीच आपली अक्षरे. आक्कांनी जशी वाचली तशी सावकाश जुळवून वाचा. शब्द अडला तर विचारा.

तारीख उलटलेला माल गळ्यात मारला किंवा जास्त पैसे घेतले, तर पावती आणि पुडा जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. खाण्याच्या मालाबद्दल राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडेही तक्रार करता येते.

मग गुडघ्यांचे काय करायचे?

आक्कांचे गुडघे तर दुखतच आहेत. वय वाढते तशी सांध्यातली गादी झिजते. ती झीज एका डब्याने भरून येत नाही. पण दुखणे कमी करता येते.

सपाट वाटेने चालतानाही गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने भार पडतो. जिना चढता-उतरताना तो आणखी वाढतो. म्हणून अंग जड असेल तर थोडे वजन उतरले तरी गुडघ्याला मोठा आराम मिळतो. येथे लेबल पुन्हा कामाला येते. ६० ग्रॅमच्या बिस्किटाच्या पुड्यावर "१०० ग्रॅममागे साखर २५ ग्रॅम" असे असेल, तर पुड्यात १५ ग्रॅम साखर झाली. म्हणजे चहाचे सुमारे तीन चमचे. बिस्किटे चहात बुडवून खाल्ली म्हणजे चहातली साखर वेगळीच.

मांडीचे स्नायू बळकट झाले तर गुडघ्याचा भार ते वाटून घेतात. त्याची एक सोपी कसरत आहे. खुर्चीवर किंवा ओट्यावर बसा. एक पाय गुडघ्यात सरळ करा. मनात दहा अंक मोजा. पाय हळूच खाली ठेवा. मग दुसरा पाय. असे सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा करा. दुखणे वाढले तर थांबा. उकिडवे बसणे कमी करा. निवडणे-टिपणे पाटाऐवजी उंच बसून करा. गुडघा सुजून लाल झाला, ताप आला, किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर घरी बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

आक्कांनी तो डबा घेतला नाही. त्यांचे साडेआठशे रुपये वाचले. कशाने वाचले? अक्षर-अक्षर जुळवून वाचलेल्या एका ओळीने. ठळक अक्षरे विकणाराच्या सोयीची असतात, लहान अक्षरे घेणाराच्या. ती वाचायला वेळ लागला तर लागू द्या. दुकानदार थांबेल.

अभ्यास

१. तात्यांच्या डब्यावरची लहान चूक कोणती? मोठी चूक कोणती?

२. "तुपातली मिठाई" आणि "तुपाच्या चवीची मिठाई" यांत काय फरक आहे?

३. सोडियम ४०० मि.ग्रॅ. असेल तर मीठ किती ग्रॅम?

४. घरातला कोणताही एक पुडा घ्या. त्यावरची दुसरी तारीख, वजन, किंमत आणि पहिले तीन पदार्थ वहीत लिहा. पुढच्या वर्गात सर्वांना वाचून दाखवा.