संडासवाटे रक्त: पहिला खर्च कशावर?

संडासवाटे रक्त पडलं की ठाणे-कल्याण पट्ट्यात पहिला खर्च ठरलेला असतो: मेडिकलमधलं मूळव्याधीचं मलम, नाहीतर लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातीतला ‘विनाऑपरेशन इलाज’. बहुतेकदा मूळव्याधच निघते, हे खरं. पण मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोगही सुरुवातीला असाच दिसू शकतो, आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. म्हणून इलाजाआधी तपासणीवर पैसे घाला.

सगळ्यात स्वस्त तपासणी फॅमिली डॉक्टरकडेच होते. हातमोजा घालून गुदद्वारात बोट घालून डॉक्टर तपासतात. कन्सल्टिंग फी साधारण २०० ते ५०० रुपये. वेगळं काही लागत नाही. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ अनेकदा तिथेच हाताला लागते. तरीही नेमकी हीच तपासणी राहून जाते. बाहेर रांग, मध्ये नुसता पडदा, पेशंट लाजलेला आणि डॉक्टर घाईत. अशा वेळी तुम्हीच म्हणा, “डॉक्टर, आतून तपासून बघता का?” बायकांनी हवं तर लेडी डॉक्टरकडे जावं, पण तपासणी टाळू नये.

रक्त दिसलंच पाहिजे असंही नाही. तीन-चार आठवडे शौचाची सवय बदललेली, पोट साफ न झाल्याची भावना, कारण नसताना घटलेलं वजन, एवढंही डॉक्टरकडे जायला पुरे. सर्वांत फसवं लक्षण म्हणजे कमी झालेलं हिमोग्लोबिन. सीबीसी या रक्ततपासणीला २०० ते ४०० रुपये, शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनला ५०० ते ९०० लागतात. पुरुषाचं किंवा पाळी बंद झालेल्या बाईचं लोह कमी निघालं, तर टॉनिकची बाटली घेऊन घरी येऊ नका. रक्त जातंय कुठून, हे विचारा. आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ पुष्कळदा न दिसणारं रक्त सांडत राहते.

पैसे वाचवायची जागाही सांगते. रक्त डोळ्यांना दिसत असेल तर शौचातलं लपलेलं रक्त शोधण्याच्या तपासणीवर खर्च करून बसू नका. हेल्थ पॅकेजमधल्या सीईए या ‘कॅन्सर मार्कर’वरही विसंबू नका. तो नॉर्मल येऊनही रोग असू शकतो.

खरा निकाल कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, देते. खासगीत साधारण ६,००० ते १५,००० रुपये, तुकडा काढला तर बायोप्सीचे १,००० ते ३,००० वेगळे. फोनवरच विचारा: भूल, औषधं आणि पॉलिप (आतड्यातली लहान गाठ) काढण्याचे पैसे यात धरलेत का? पोट साफ करायची पावडर वेगळी घ्यावी लागते. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं, म्हणून शेवटचा डोस आणि प्रवास यांच्यात किती वेळ ठेवायचा ते आधीच ठरवून घ्या. जमल्यास घराजवळचं सेंटर निवडा. भूल दिली तर परतताना सोबत माणूस हवाच. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आठवडाभर आधी सांगा.

खर्च झेपत नसेल तर सुरुवात डोंबिवलीच्या शास्त्रीनगर किंवा कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात करा. ठाणेकरांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. ते वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं असल्याने सर्जरी विभाग तिथेच मिळतो. कर्करोग निघाला तर परळच्या टाटा रुग्णालयात जाताना फक्त रिपोर्ट नेऊ नका. लॅबकडून बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या, तिथे ते पुन्हा तपासतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, आणि भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

खासगी विमा असेल तर एक अडचण लक्षात घ्या. नुसत्या तपासणीसाठी केलेल्या कोलोनोस्कोपीचा दावा कंपन्या बरेचदा नाकारतात. चिठ्ठीवर लक्षणं आणि कारण स्पष्ट लिहून घ्या आणि मंजुरी आधीच मागा.

आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग झाला असेल, तर लक्षणांची वाट बघायची नाही. वयाच्या चाळीसाव्या वर्षी, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपीबद्दल डॉक्टरांशी बोला.