दार ओढलं म्हणजे कुलूप लागलं नव्हे

पोरांनो, नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टलवेनला राहायला आलात की आइंडहोव्हनला, नव्या घराची किल्ली हातात पडली की पडदे आणि सोफा बघायला जाण्याआधी पुढच्या दाराचं कुलूप बघा. इथलं दार नुसतं ओढलं तरी खटकन बंद होतं आणि बाहेरून उघडत नाही, म्हणून आपल्या माणसांना वाटतं की कुलूप लागलं. तसं नसतं. चौकटीत फक्त कुलपाची तिरकी जीभ अडकलेली असते. बाटलीचं प्लास्टिक कापून फटीतून सरकवलं की ती काही सेकंदांत मागे जाते. इथले पोलीस या प्रकाराला ‘फ्लिपरेन’ म्हणतात आणि दर हिवाळ्यात लोकांना त्याबद्दल बजावतात. कचरा टाकायला खाली जायचं असलं तरी किल्ली शेवटपर्यंत फिरवा, आतला अडसर चौकटीत शिरल्याचं हाताला कळलं पाहिजे. नुसत्या ओढलेल्या दारावर फोडल्याची खूण राहत नाही आणि काही विमा पॉलिसी तीच खूण मागतात. म्हणजे ऐवजही जायचा आणि भरपाईही.

दुसरी गोष्ट सिलिंडरची. किल्ली ज्यात जाते तो पितळी तुकडा म्हणजे सिलिंडर. जुन्या सिलिंडरमध्ये चोर एक जाड स्क्रू पिळतो आणि आतला गाभा उपसून काढतो. याला फार वेळ लागत नाही, आवाजही बेताचाच होतो. म्हणून दुकानात ‘केर्नट्रेकबेव्हेलिखिंग’, म्हणजे गाभा ओढला तरी न निघण्याची सोय असलेलंच सिलिंडर मागा आणि त्यावर एसकेजी या सुरक्षा-प्रमाणपत्राचे तीन तारे आहेत की नाहीत ते डोळ्यांनी बघा. माप घेणं सोपं आहे. दार उघडून त्याच्या कडेच्या पट्टीवर किल्लीच्या उंचीला एक लांब स्क्रू दिसेल. तो काढा, किल्ली किंचित तिरकी करा, सिलिंडर अलगद बाहेर येतं. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. ३०/३०, ३०/४० असं जे येईल तेच माप आणा. सिलिंडर बाहेरच्या पट्टीच्या पुढे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावता कामा नये, नाहीतर पकडीला धरायला जागा मिळते.

घर भाड्याचं असलं तरी हे करा. आधी राहून गेलेल्यांच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत हे घरमालकालाही ठाऊक नसतं. त्याला कळवून सिलिंडर बदला, जुनं जपून ठेवा आणि घर सोडताना परत बसवून द्या. कुलूपवाला बोलावलात तर येण्याआधी फोनवर पूर्ण रक्कम विचारून घ्या. इंटरनेटवर पहिला सापडलेला माणूस दारात उभा राहून काय वाट्टेल ते मागतो, असं मी अनेकांकडून ऐकलं आहे.

या खर्चाचा मी इतका आग्रह का धरतो? चोराकडे वेळ नसतो. इथे १९९९ पासून बांधलेल्या प्रत्येक नव्या घराची हाताला येणारी दारं-खिडक्या निदान ३ मिनिटं तग धरतील अशी असावीत, असा बांधकामाचा नियम आहे. फोलार्ड आणि फान आउर्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या नियमाचा परिणाम तपासला. नव्या घरांतल्या घरफोड्या वर्षाला १.१ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्या होत्या. शेजारच्या जुन्या घरांकडे चोर वळल्याचंही त्यांना आढळलं नाही. तुमचं घर १९९९ च्या आधीचं असेल तर ती ३ मिनिटं तुम्हालाच विकत घ्यावी लागतात.

मागच्या दाराला विसरू नका. ओळीतल्या घरांच्या मागून जी बोळ जाते तिथून चोराला कोणी बघत नाही. कचऱ्याचा क्लिको भिंतीला टेकवून ठेवलात तर त्याला आयती शिडी मिळते. वरची तिरकी उघडी खिडकी म्हणजे उघडीच खिडकी. टपालाची फट दारातच असेल तर किल्ल्यांचा जुडगा जवळच्या खुंटीला टांगू नका, तारेने ओढून नेतात. दाराला काच असेल तर आतून फिरवायच्या मुठीचं सिलिंडरही नको.

आता सोन्याचं. आपल्या घरांत ते असतं हे चोरांनाही माहीत आहे. ब्रिटनमधले पोलीस दिवाळीच्या सुमारास आशियाई कुटुंबांना याच कारणासाठी सावध करतात. दाराचं तोरण काढू नका, चपला हव्या तर बाहेर ठेवा, पण लग्नातला सगळा ऐवज इथे आणू नका. मंगळसूत्र, रोजच्या बांगड्या, मंडळाच्या गणपतीला घालायचा एखादा हार पुरे. बाकी आईकडे नाहीतर पुण्याच्या बँकेत राहू द्या, कारण इथल्या मोठ्या बँकांनी लॉकर बहुतेक बंदच केले आहेत.

जे इथे ठेवाल त्यासाठी तिजोरी घ्या, पण हॉटेलातल्या कपाटात असते तसली हलकी पेटी नको. ती चोर काखेत मारून नेतो आणि घरी जाऊन सावकाश उघडतो. ईएन १४४५० या युरोपीय मानकाचा एस १ किंवा एस २ असा शिक्का दाराच्या आतल्या बाजूला असतो, तो बघा. त्यावरून विमा कंपनी किती किमतीचा ऐवज मान्य करेल ते आधी विचारा, दागिन्यांची मर्यादा रोख रकमेपेक्षा वेगळी असते. पासपोर्ट आणि जन्मदाखले ठेवणार असाल तर आगीपासून संरक्षणाचा वेगळा शिक्का लागतो, चोरीचा शिक्का असला म्हणजे आगीचा असतोच असं नाही. तिजोरी बोल्टने आवळल्याशिवाय निरुपयोगी. जमीन आतून तापणारी असेल तर तिथे ड्रिल लावू नका, खाली पाण्याच्या नळ्या असतात. जिप्समची पोकळ भिंतही चालत नाही, काँक्रीटची किंवा भरीव विटांची शोधा. झोपण्याच्या खोलीतलं कपाट चोर पहिलं उघडतो, तेव्हा जागा दुसरी निवडा. आकड्यात मुलांचे वाढदिवस नकोत, आणि जादा किल्ली देव्हाऱ्याखाली तर मुळीच नको.

प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन आणि सोनाराची पावती घराबाहेर कुठेतरी, भावाकडे किंवा क्लाउडवर, ठेवा.

भारतात जाताना दिवे टायमरवर लावा. डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं आणि अंधारलेलं घर लांबून कळतं. शेजारच्या डच आजींकडे टपाल उचलायला किल्ली द्या. त्या मनापासून करतात, येताना त्यांच्यासाठी चिवडा आणा. भारतातले फोटो मात्र सोशल मीडियावर परत आल्यावरच टाका.

कधी घरी आलात आणि दार फोडलेलं दिसलं तर आत शिरू नका. चोर आत असण्याची शंका आली तर बाहेर, रस्त्यावर थांबून ११२ लावा. तो निघून गेल्याचं नक्की असेल तर ०९००-८८४४. पोलीस येऊन ठसे घेईपर्यंत कशालाही हात लावू नका, आणि तिजोरी शाबूत आहे का हे बघायलाही नको.