तरंगणारे विमान : फ्रेंच नौदलाचे लव्हासर टेहळणी विमान

पृथ्वी गोल असल्यामुळे समुद्रावरील दृष्टीला एक मर्यादा पडते. ही मर्यादा म्हणजेच क्षितिज होय. हवा कितीही स्वच्छ असली, तरी क्षितिजापलीकडील जहाज पाण्याच्या फुगवट्याआड दडून राहते. जहाजाच्या डोलकाठीवर ३६ मीटर उंचीवर बसलेल्या टेहळ्याला सुमारे २१ किलोमीटरपर्यंतचा समुद्र दिसतो. तोच मनुष्य ९०० मीटर उंचीवर गेला, तर त्याचे क्षितिज सुमारे १०७ किलोमीटर दूर सरकते. उंची पंचवीसपट झाली की अंतर पाचपट होते, आणि दृष्टीच्या टप्प्यातील समुद्राचे क्षेत्रफळ पुन्हा पंचवीसपट होते. नौदलांना विमानाची गरज प्रथम भासली ती मुख्यतः याच कारणासाठी. विमान हे आरमाराचे उंचावर नेलेले नेत्र होते.

बेआर्न जहाज

पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सने या कार्यासाठी बेआर्न नावाचे जहाज निवडले. त्याचा सांगाडा १९१४ मध्ये युद्धनौका म्हणून घातला गेला होता. महायुद्धामुळे काम थांबले आणि १९२० मध्ये ते अपुऱ्या अवस्थेतच पाण्यात उतरविण्यात आले. त्याच वर्षी तूलाँ येथे त्याच्यावर लाकडी फळ्यांचे तात्पुरते व्यासपीठ उभारून पॉल तेस्त या नौदल अधिकाऱ्याने विमान उतरविण्याचे प्रयोग केले. १९२२ च्या वॉशिंग्टन तहाने मोठ्या युद्धनौकांच्या संख्येवर बंधने आली, तेव्हा या जहाजाचे विमानवाहू जहाजात रूपांतर करण्याचे ठरले. १९२७ मध्ये ते पूर्ण झाले. त्याची लांबी सुमारे १८२ मीटर होती आणि वेग ताशी सुमारे ४० किलोमीटर.

एवढ्या आखूड जागेत विमान कसे उतरते, हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, विमान ताशी १०० किलोमीटर वेगाने उतरत आहे. जहाज वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून ताशी ४० किलोमीटर वेगाने चालले आहे आणि समोरून ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा येत आहे. अशा वेळी जहाजाच्या सपाटीच्या मानाने विमानाचा वेग ताशी केवळ ४० किलोमीटर उरतो. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून स्थिर जमिनीवर निर्वात हवेत उतरताना जेवढी ऊर्जा शोषावी लागली असती, तिचा सुमारे सहावा भागच येथे शोषावा लागतो. उरलेले काम सपाटीवर आडवे ताणलेले दोर करतात. विमानाच्या शेपटीखालील आकडा त्यांत अडकतो. द्विपंखी रचनाही येथे उपयुक्त ठरे. एकावर एक असलेल्या दोन पंखांमुळे थोड्या रुंदीत पुष्कळ क्षेत्रफळ मिळे आणि विमान कमी वेगातही हवेत तरून राही.

पाण्यावर उतरण्याची सोय

बेआर्नसाठी पिएर लव्हासर यांच्या कारखान्याने पी. एल. ४ हे तीन आसनी टेहळणी विमान तयार केले. १९२६ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले. लोरेन-दिएत्रीश जातीचे ४५० अश्वशक्तीचे एंजिन त्याला बसविले होते.

त्या काळची एंजिने उड्डाणात बंद पडण्याचा संभव बराच असे. जमिनीवर असे झाले, तर एखादे शेत शोधता येते. समुद्रावर तो मार्ग नाही. शिवाय विमानाची चाके पाण्याला लागताच अडकतात, आणि पुढे झेपावणारे विमान नाकावर उलटते. यास्तव पी. एल. ४ मध्ये तीन योजना केल्या होत्या. पहिली, वैमानिकाला चाकांचा सांगाडा उडत असतानाच सोडून देता येई. दुसरी, धडाचा तळ होडीसारखा व जलाभेद्य होता. तिसरी, खालच्या पंखांखाली लहान तरंड बसविले होते. त्यांमुळे विमान एका कुशीवर कलंडत नसे.

यामागील तत्त्व आर्किमिडीजचेच आहे. ३,००० किलोग्रॅम वजनाचे विमान तरंगायचे, तर त्याने समुद्राचे जवळजवळ ३ घनमीटर पाणी बाजूस सारले पाहिजे. जलाभेद्य तळ हेच काम करतो. मात्र हे विमान सागरी विमान नव्हे. ते पाण्यावरून पुन्हा उडू शकत नसे. त्याचे तरंगणे हे मदत येईपर्यंत मिळविलेली मुदत होते.

पांढरा पक्षी

या मुदतीची मर्यादा १९२७ मधील एका घटनेने स्पष्ट झाली. पॅरिसहून न्यूयॉर्कपर्यंत न थांबता जाण्यासाठी लव्हासर कारखान्याने पी. एल. ४ च्या धर्तीवर पी. एल. ८ हे विमान बांधले. त्याचे नाव ‘पांढरा पक्षी’ या अर्थाचे होते. जादा आसने काढून तेथे इंधनाच्या टाक्या बसविल्या. त्यांत सुमारे ४,००० लिटर इंधन मावे. पहिल्या महायुद्धातील प्रख्यात वैमानिक शार्ल नंजेसेर आणि एकाक्ष मार्गदर्शक फ्रांस्वा कोली हे दोघे ८ मे १९२७ रोजी पहाटे ल बुर्जे येथून निघाले. वजन वाचविण्यासाठी त्यांनी बिनतारी यंत्र बरोबर घेतले नाही. उड्डाणानंतर लगेच त्यांनी चाके टाकून दिली. न्यूयॉर्कच्या बंदरात ते पाण्यावरच उतरणार होते.

ते तेथे पोहोचले नाहीत. पुष्कळ शोध होऊनही विमान वा वैमानिक सापडले नाहीत. टाकून दिलेला चाकांचा सांगाडा तेवढा मागे राहिला. तो ल बुर्जे येथील विमान-संग्रहालयात ठेवला आहे. त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आत चार्ल्स लिंडबर्ग उलट दिशेने अटलांटिक ओलांडून त्याच विमानतळावर उतरला.

दोन्ही विमानांची धाटणी एक होती. परंतु परिस्थिती भिन्न होती. बेआर्नवरील विमान कोणत्या दिशेस गेले आहे, हे जहाजाला ठाऊक असे आणि शोधासाठी आरमार जवळ असे. ‘पांढऱ्या पक्ष्या’ला तळ होता, पण आपले ठिकाण कळविण्याचे साधन नव्हते. सुरक्षिततेचे एक साधन दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. तरंगणाऱ्याला कोणी शोधले, तरच तरंगण्याचा उपयोग होतो.

पुढील काळ

लव्हासर कारखान्याने १९२९ मध्ये ६०० अश्वशक्तीच्या हिस्पानो-सुइझा एंजिनाचे पी. एल. १० हे विमान सिद्ध केले. पुढे त्यात सुधारणा होऊन पी. एल. १०१ निघाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातूच्या एकपंखी विमानांनी द्विपंखी विमानांस मागे टाकले आणि टेहळ्याच्या डोळ्यांना रडारची जोड मिळाली. बेआर्न जहाज १९६७ मध्ये मोडीत निघाले. फ्रेंच बनावटीच्या नौदल विमानांचा संबंध भारताशीही आला : १९६१ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’वर ब्रेगे कारखान्याची आलिझे विमाने अनेक वर्षे काम करीत होती. त्यांचे मुख्य कार्य पाणबुड्यांचा शोध घेणे हे होते. साधने बदलली, तरी जहाजाच्या क्षितिजापलीकडे पाहणे हे मूळ प्रयोजन तेच राहिले.