बर्फ, काँक्रीट आणि माझा आगाऊ सल्ला

आपल्या धाराशिव जिल्ह्यात काँक्रीट गोठतंय कशाला? आपल्याकडे मुळात पाण्याचीच मारामार! म्हणून गोठणे-वितळणे हा भाग मी ऑप्शनला टाकला होता. पण माझा आतेभाऊ लेहजवळ साइट इंजिनीअर आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने विचारलं, "अगं, स्लॅग सिमेंट आलंय, चालेल ना?" मी झोकात सांगितलं, "दादा, बिनधास्त वापर. घट्ट काँक्रीट होतं, पाणी आत शिरत नाही."

मार्चमध्ये फोटो आला. स्लॅबच्या वरच्या थराचे पापुद्रे सुटले होते.

मग मात्र मी पुस्तकं काढली. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे 9 टक्के वाढतं. काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी भरलेलं असेल तर दाब येतो आणि काँक्रीट आतून फुटतं. उपाय गमतीशीर आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत काही सिमेंट दळताना चरबी वापरली गेली आणि त्या सिमेंटचे रस्ते थंडीत जास्त टिकले! चरबीमुळे काँक्रीटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे राहिले होते. गोठणाऱ्या पाण्याला तेवढी मोकळी जागा मिळते. आज त्यासाठी वेगळं रसायन मिळतं. आयएस 456 मध्ये 20 मिमी खडीसाठी 5 टक्के हवा सांगितली आहे, एक टक्का इकडे-तिकडे. म्हणजे नुसतं "घट्ट" असून भागत नाही. माझी पहिली चूक ही.

दुसरी चूक मोठी. स्लॅग म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, पाण्याने झटकन थंड करून दळलेली. आयएस 455 च्या सिमेंटमध्ये ती 25 ते 70 टक्के असते. तिची ताकद येते, पण सावकाश, आणि थंडीत तर फारच सावकाश. पहिल्यांदा गोठण्याआधी काँक्रीटला निदान 3.5 एमपीए ताकद हवी असते. लेहच्या ऑक्टोबरात रात्री पारा शून्याखाली जातो. स्लॅबला झाकून ऊब द्यायला हवी होती, ते मी बोललेच नाही. बर्फ वितळवायला वर मीठ टाकलं तर पापुद्रे आणखी सुटतात. अमेरिकेच्या एसीआय कोडमध्ये अशा जागी स्लॅगवर 50 टक्क्यांची मर्यादा आहे ती त्यामुळेच.

दादाला फोन करून सगळं कबूल केलं. तो हसला आणि म्हणाला, "आता मामांच्या हौदाकडे बघ."

आमच्या हौदालाही स्लॅग सिमेंटच आहे. आपलं ऊन स्लॅगला मानवतं, पण ओल टिकली तरच. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी मारतात, कोरड्या उन्हाळी हवेत 10, आणि अशा मिश्र सिमेंटला कोड 14 दिवस सुचवतो. मिस्त्री सातव्या दिवशीच गोणपाट काढायला आला. बाबा म्हणाले, टँकर कोण आणणार? मी भांडले. शेवटी भांडी धुतलेलं पाणी न टाकता आईने ठरवलं, पिण्याच्या टँकरमधल्याच दोन घागरी रोज हौदाला. गोणपाट चौदाव्या दिवशी निघाला.