नुब्राला जायची घाई

लडाख सहलीच्या पत्रकात पहिल्या दिवशी ‘लेह आगमन, विश्रांती’ आणि दुसऱ्याच दिवशी ‘खारदुंग ला मार्गे नुब्रा’ असं छापलेलं दिसलं, की मी ते पत्रक बाजूला ठेवते. मुंबईचा माणूस सकाळच्या विमानाने निघतो आणि काही तासांत साडेतीन हजार मीटरवर उतरतो. तिथे एका श्वासात घरच्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश प्राणवायू मिळतो. दुपारपर्यंत मात्र ठणठणीत वाटतं, तिथेच मेख आहे. मंडळी जेवून थेट शांती स्तूपाच्या पायऱ्यांकडे निघतात.

आमच्या गटात पुण्याचे एक काका होते. रोज पहाटे पर्वती चढणारे. लेहमध्येच त्यांचं डोकं ठणकत होतं, पण सांगितलं तर मागे ठेवतील म्हणून ते गप्प बसले. सहल कंपनीच्या माणसानेही विचारलं नाही. खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे. तिथल्या पाटीपाशी फोटोसाठी रांग लागली होती आणि तिथे फार वेळ थांबू नये म्हणून आमचा ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. मंडळी त्याच्यावरच वैतागली. रात्री नुब्रातल्या हुंडरच्या तंबूत काकांना कोरडा खोकला सुटला. मग नुसतं पलंगावर बसूनही धाप लागायला लागली. धूळ गेली असेल, म्हणत काकू गरम पाणी देत होत्या. ड्रायव्हरने बॅटरीच्या उजेडात काकांची निळसर पडलेली नखं पाहिली आणि एक शब्द न बोलता गाडी काढली. दिस्कितच्या सरकारी दवाखान्यात प्राणवायू मिळाला, म्हणून निभावलं.

डोंगरात माणूस आजारी पडला की त्याला खाली न्यायचं. नुब्राच्या खोऱ्यात हा नियमच अडतो. हुंडर, दिस्कित लेहपेक्षा खाली आहेत खरे, पण लेहच्या मोठ्या इस्पितळात पोचायचं तर मध्ये पुन्हा तीच खिंड. बर्फ पडलं किंवा दरड कोसळली, की तीही बंद.

म्हणून लेहमध्ये निदान दोन दिवस खरोखरच काही करू नका. डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर खिंड चढायची नाही, मग हॉटेलचे पैसे बुडाले तरी बुडू देत. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची तर घरूनच डॉक्टरांना विचारून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. बसल्या जागी धाप, चालताना झोक जाणं, असंबद्ध बोलणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. पँगाँग तलावाचा मुक्काम चार हजार मीटरच्या वर असतो, तो नुब्रानंतरच ठेवा. वेळ असेल तर श्रीनगरहून कारगिलला मुक्काम करत गाडीने या; शरीराला सवय होत जाते.

दिवस वाढवले तर आणखी एक फायदा. घाईतल्या सहली हुंडरच्या वाळूत दोन मदारींच्या उंटावर अर्धा तास बसवून परत फिरतात. हे उंट एके काळी यारकंदच्या तांड्यांबरोबर इथे आले, हेही कोणी सांगत नाही. श्योक नदीच्या काठाने पुढे गेलं की तुर्तुक लागतं. दिस्कितचा बौद्ध गोंपा मागे पडतो आणि मशिदी, बाल्टी बोली, जर्दाळूच्या बागा सुरू होतात. १९७१च्या युद्धात हे गाव भारतात आलं. कितीतरी घरांतले सख्खे नातलग सीमेपलीकडे राहिले. पर्यटकांना ते २०१०मध्ये खुलं झालं. इथली ‘नांगचुंग’ नावाची दगडी कोठारं मी वाकून पाहिली. फटींतून थंड वारा खेळतो आणि आत लोणी, मांस उन्हाळ्यातही टिकतं.

तिथे बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. झाडावरचे जर्दाळू फुकटचे नसतात, कोणाच्या तरी वर्षाच्या कमाईचे असतात. आणि प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखबाहेरचं असेल तर चालत नाही. पोस्टपेड न्या, रोख पैसे लेहमध्येच काढून ठेवा.