बेटावरचे बाळ आणि पहिले चोवीस तास

(मंडळीतील अभ्यासवर्ग व संडे स्कूल शिक्षकांसाठी पाठ)

बेट म्हटले की इंदूरकरांना दूरचा समुद्र आठवतो. पण जलूदहून जिचे पाणी आपल्या नळाला येते, त्याच नर्मदेच्या खालच्या अंगाला माणसांची वस्ती असलेली बेटे आहेत. २०१९ साली सरदार सरोवर पूर्ण भरले, तेव्हा बडवानीजवळचे राजघाट पाण्याने वेढले गेले. अलिराजपूर व पलीकडच्या नंदुरबार जिल्ह्यातील काही पाडे आजही होडीवाचून गाठता येत नाहीत. अशा ठिकाणी जन्मणाऱ्या बाळाला एका विशिष्ट रोगापासून कसे वाचवावे, हा या पाठाचा विषय आहे. तो रोग म्हणजे हेपॅटायटिस-बी, यकृताला सूज आणणारी एक प्रकारची कावीळ.

१. रोगाची ओळख

सगळ्या काविळी एका जातीच्या नसतात. घाण पाण्याने होणारी कावीळ पावसाळ्यात घरोघर दिसते आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरते. हेपॅटायटिस-बी पाण्यातून येत नाही. तिचा विषाणू रक्तातून व शरीरातील स्रावांतून जातो: प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला, वापरलेल्या सुईतून, न तपासलेल्या रक्तातून, दोघांनी वापरलेल्या वस्तऱ्यातून, तसेच शरीरसंबंधातून. शरीराबाहेर सांडलेल्या रक्तातही तो किमान सात दिवस टिकतो. २००९ साली शेजारच्या गुजरातेत मोडासा परिसरात पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे या रोगाची साथ आली व अनेकांचे प्राण गेले.

या रोगाची सर्वांत कठीण बाजू वयाशी निगडित आहे. धडधाकट प्रौढाला लागण झाली, तर शंभरांतले सुमारे पंच्याण्णव जण तिच्यातून पूर्ण मोकळे होतात. परंतु जन्माच्या वेळी लागण झालेल्या शंभर बाळांपैकी सुमारे नव्वदांच्या शरीरात विषाणू कायमचा ठाण मांडतो. बाळ हसते, खेळते, शाळेत जाते. कोणाला काही दिसत नाही. पुढे तिशी-चाळिशीत यकृत निबर होते किंवा तेथे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात असे सुमारे तीन कोटी लोक होते.

२. निकोबारचा अनुभव

बेटावर हा रोग किती मुरतो आणि लसीने काय साधते, हे आपल्याच देशात पाहायला मिळाले. कार निकोबार हे निकोबारी लोकांचे बेट. तेथील बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत अंदमान-निकोबारचे नामनियुक्त सदस्य असलेले बिशप जॉन रिचर्डसन याच बेटाचे. तेथे ‘तुहेत’ नावाच्या मोठ्या एकत्र कुटुंबात माणसे राहतात. १९९० नंतरच्या दशकात पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजय पुरम) येथील वैद्यकीय संशोधन केंद्राने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या साहाय्याने बेटांवरील जमातींची रक्ततपासणी केली. निकोबारी लोकांत चारांतील जवळजवळ एकाच्या रक्तात विषाणूची खूण सापडली. जारवा जमातीत तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांत ती होती.

२००० साली कार निकोबारच्या काही गावांत लस देण्यात आली. मध्यंतरी २००४ च्या त्सुनामीने या बेटाची फार मोठी हानी केली. तरीही दहा वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा रोगाचे प्रमाण बरेच उतरलेले आढळले. यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, दूर राहणारे लोक म्हणून त्यांना सोडून द्यावे असे काही नाही. लस तेथेही काम करते. दुसरी, ज्या प्रौढांच्या शरीरात विषाणू आहे ते तेथेच राहतात, म्हणून प्रत्येक नव्या बाळासाठी हे काम पुन्हा करावे लागते.

३. चोवीस तासच का?

आपल्या देशात ही लस १९९७ पासून हैदराबादेत तयार होऊ लागली व किंमत उतरली. २००२-०३ साली काही शहरे व जिल्ह्यांत आणि २०११ पर्यंत देशभर ती सरकारी लसीकरणात आली. पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत. पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांनी पंचगुणी लसीतून. पुढच्या मात्रा आवश्यकच आहेत. पण आईकडून आलेल्या विषाणूला वेळीच अडवते ती पहिलीच. आईला रोग आहे हे ठाऊक असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही बाळाला देतात. बाळाला लस मिळाल्यावर आईने अंगावर पाजण्यास हरकत नाही.

रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला ही मात्रा सहज मिळते. चुकते ते पाड्यावर, घरी जन्मलेले बाळ.

४. आखणी कोठून सुरू होते?

होडीपासून नव्हे, यादीपासून. कोणत्या घरी कोण गरोदर आहे आणि कितवा महिना आहे, हे बाळ जन्मण्यापूर्वीच ठाऊक असावे लागते. पावसाळ्यात दिवस भरणार असतील, तर आईला आधीच दवाखान्याजवळ आणणे सर्वांत उत्तम.

ते जमले नाही तर लसीला तिच्याकडे जावे लागते. ही लस २ ते ८ अंश तापमानात ठेवतात. उन्हापेक्षा तिला गोठण्याचे भय जास्त. बर्फाला चिकटून गोठलेली कुपी निकामी होते. कुपीवरील वर्तुळातला चौकोन भोवतालच्या रंगाहून फिकट असेल, तर ती उष्णतेने बिघडलेली नाही असे समजावे. कुपीत पुष्कळदा दहा मात्रा असतात, म्हणून एका बाळासाठी ती उघडावी का असा संकोच होतो. पण नियमानुसार नीट ठेवलेली उघडी कुपी अठ्ठावीस दिवस वापरता येते. एका बाळासाठीही ती उघडावी.

नंदुरबार जिल्ह्यातील अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० साली कोळ्याची होडी मागून घेऊन नर्मदेतून सुमारे अठरा किलोमीटर वल्हवत पाड्यांवर जात. लहान मुले व गरोदर माता यांची विचारपूस करणे, त्यांना आहार पोचवणे हे त्यांचे काम. लस टोचणारी परिचारिका वेगळी असते. पण कोणत्या दारी जायचे हे तिला सांगू शकतात त्या अशाच सेविका.

५. मंडळीचे काम

इंदुरातही कामासाठी आलेल्या कुटुंबांत बाळे घरी जन्मतात, आणि दवाखाना दोन गल्ल्यांवर असूनही पहिला दिवस निघून जातो. घरातील आजीबाई म्हणतात, “एवढ्याशा जिवाला पहिल्याच दिवशी सुई कशाला?” त्यांच्याशी वाद घालू नये. ज्या दिवशी धोका सर्वांत मोठा, त्याच दिवशी संरक्षण हवे, एवढे शांतपणे समजावून सांगावे.

ज्याच्या रक्तात हा विषाणू आढळला, त्याला दूर लोटू नये. एका पंगतीत जेवल्याने, हस्तांदोलनाने, खोकल्याने हा रोग होत नाही. प्रीतिभोजनात त्याचे ताट वेगळे मांडणे हे अज्ञान आहे, आणि त्या भीतीनेच लोक तपासणी टाळतात. घरच्यांनी तपासणी करून घ्यावी. लागण नसेल त्यांनी सहा महिन्यांत तीन मात्रा घ्याव्यात. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ठरावीक सरकारी केंद्रांत तपासणी व औषध मोफत आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. लहानपणी लागलेला हा रोग अधिक घातक का?
२. कार निकोबारच्या अनुभवातून कोणत्या दोन गोष्टी शिकाव्यात?
३. आपल्या मंडळीत व शेजारी येत्या तीन महिन्यांत कोणाकडे बाळ येणार आहे? पहिल्या दिवशी त्या घरी कोण जाईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी न देता नावांसह लिहून ठेवावे, आणि पुढच्या महिन्याच्या वर्गात तो कागद पुन्हा वाचावा.