दुसऱ्या वर्षीचा काटा

पुण्याच्या मार्केट यार्डाच्या भुसार विभागात आमचा गाळा आहे. वजन उतरवण्याच्या एखाद्या गटात नाव घालायचं ज्याच्या मनात येतं, तो हल्ली आधी माझ्याकडे येऊन बसतो, कारण असा गट मी पूर्ण केला आणि त्यानंतरची वर्षंही पाहिली. प्रश्न ठरलेला असतो, ‘किती उतरलं?’ मी म्हणतो, हे विचारू नका. दुसऱ्या वर्षी काट्यावर किती भरलं ते विचारा. पहिल्या तीन महिन्यांचं उत्तर प्रत्येक कोचकडे फोटोसकट तयार असतं. दुसऱ्या वर्षीचं उत्तर आपल्याला शोधावं लागतं, आणि पैसे भरण्याआधी ते शोधलंच पाहिजे.

आमच्यासारख्यांना असे गट का लागतात, हे यार्डात एक दिवस काढला तरी कळतं. हमाल पाठीवर पोती वाहतात, तोलणार काट्यापाशी उभे असतात आणि आम्ही आडते दिवसभर गादीवर, कानाला फोन लावून. शेतकरी आला की चहा, ट्रकवाला आला की चहा, वसुलीचा माणूस आला की चहा, आणि त्यासोबत जे येईल ते. संध्याकाळी गाळा बंद करून घरी गेल्यावर पोटभर जेवण आणि झोप. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, ती अंग मोडून काम करणाऱ्याला स्वस्तात चांगलं जेवण मिळावं म्हणून. त्याच कष्टकऱ्यांच्या बाजारात आमच्यासारखे लोक जेवण सोडण्यासाठी पैसे मोजतात, हे मला बोचतं. पण आमचा आजारही खोटा नाही. माझ्या रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली होती आणि डॉक्टरांनी वजन कमी करा असं स्पष्ट सांगितलं होतं. कसं करायचं, हे सांगायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. गटाकडे भरपूर वेळ होता.

गट भरायचा यार्डाच्या जवळच, सकाळी लवकर. आधी काट्यावर उभं राहायचं, मग कंबरेला टेप, मग शेक. सकाळी आणि रात्री जेवणाऐवजी शेक घ्यायचा, दुपारी एकदा घरचं जेवण. ताटाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचा. ज्याचं वजन उतरलं त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. महिन्याच्या शेक पावडरीच्या डब्यांचा खर्च आमच्या घरच्या किराण्याच्या जवळपास जायचा. तिथली माणसं मनापासून वागायची, हेही सांगितलं पाहिजे. कोच मॅडम कोणाचा वाढदिवस विसरत नसत आणि एखादा दोन दिवस आला नाही तर फोन करत.

वजन उतरलं, आणि पहिल्या आठवड्यात तर झपाट्याने उतरलं. भुसारात वाढलेल्या माणसाला याचं कारण लगेच कळावं. नवा माल येतो तेव्हा त्यात ओलावा असतो. गोदामात पडला की पोतं हलकं भरतं, पण दाणे तेवढेच असतात. त्याला आम्ही घट म्हणतो. शरीरातही तेच होतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं एकदम कमी केलं की आधी हा साठा संपतो आणि पाणी निघून जातं. दीड-दोन किलो असेच जातात. चरबी नंतर, सावकाश जाते. पण टाळ्या पडतात, फोटो काढले जातात आणि पुढच्या महिन्याचे पैसे भरले जातात, ते या पहिल्या घटीवरच.

चरबीही उतरली, हे मान्य आहे. आठेक किलो गेले, पँटी सैल झाल्या, साखर खाली आली. मग उतरणं थांबलं आणि भूक सुरू झाली. ही भूक पूर्वीच्या भुकेपेक्षा वेगळी होती. जेवून उठलं तरी मन ताटातच राहायचं. गटात सांगितलं जायचं की हा मनाचा कमकुवतपणा आहे, निश्चय वाढवा. हे सांगणं चुकीचं आहे. ज्यांना असं सांगितलं जातं, त्यांच्यासाठी पुढचं लिहितो.

मेलबर्नच्या डॉक्टरांनी ५० जाड माणसांना दहा आठवडे अतिशय कमी खाण्यावर ठेवलं आणि त्यांची भुकेची संप्रेरकं वर्षभर मोजली. तो अभ्यास २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. वर्ष उलटल्यावरही भूक लावणारं संप्रेरक वाढलेलंच होतं, पोट भरल्याचा निरोप देणारी कमी होती आणि माणसांना भूकही जास्त लागत होती. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची एक मोठी स्पर्धा गाजली. तिच्यातल्या १४ स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरवलेल्या त्या माणसांचे सरासरी ४१ किलो परत आले होते. शिवाय त्यांचं शरीर बसल्या जागी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे शेजारी बसलेला तितक्याच वजनाचा माणूस जेवढं खाऊन जागच्या जागी राहतो, तेवढ्यावर यांचं वजन वाढतं. शरीराला उपासमार आणि डाएट यांतला फरक कळत नाही. गेलेलं परत मिळवायला ते वर्षानुवर्षं झटतं. यात निश्चयाचा दोष काढणं अन्याय आहे.

शेक बंद झाल्यावर माझंही वजन परत येऊ लागलं. दुसऱ्या दिवाळीपर्यंत बहुतेक सगळं आलं. आमच्या गटातल्या ज्यांच्याशी अजून संबंध आहे, त्यांपैकी बऱ्याच जणांचं तसंच झालं. लाजेने त्यांनी गटातल्या ओळखीच्या लोकांना टाळायला सुरुवात केली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मग असे गट चालतातच नाहीत का? तसंही नाही. हा धंदा जिथून जगभर पसरला तिथलं उदाहरण घेऊ. न्यूयॉर्कमधल्या जीन नायडेच या गृहिणीने मैत्रिणींना घरी जमवून वजनाबद्दल मोकळं बोलायला सुरुवात केली आणि १९६३ साली त्यातून ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी उभी राहिली. तिच्या गटांची नीट चाचणी झालेली आहे. अमेरिकेत ४२३ लोकांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गटात जाणाऱ्यांचं वजन पहिल्या वर्षी सरासरी ४.३ किलोने कमी झालं आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यातलं २.९ किलो टिकलं. स्वतःच्या मनाने प्रयत्न करणाऱ्यांचं दोन वर्षांनी जवळजवळ काहीच टिकलं नाही. इंग्लंडमधल्या बाराशेहून अधिक लोकांच्या चाचणीचे आकडे २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. बारा आठवडे गटात गेलेल्यांचं दोन वर्षांनी सरासरी ३ किलो कमी होतं, वर्षभर गेलेल्यांचं ४.३ किलो, आणि फक्त माहितीची पुस्तिका मिळालेल्यांचं २.३ किलो.

हे आकडे शांतपणे वाचा. चांगल्यातला चांगला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासलेला, सहभागी लोकांना फुकट दिलेला गट दोन वर्षांनी तीन-चार किलो टिकवून देतो. जाहिरातीतले वीस किलो तिथे कुठेच दिसत नाहीत. बारा आठवड्यांच्या गटात आणि फुकट पुस्तिकेत फरक जेमतेम पाऊण किलोचा. आणि जास्त दिवस गेलेल्यांचं जास्त टिकलं. म्हणजे काम करतं ते दर आठवड्याला माणसांत येणं, कोणीतरी विचारणारं असणं, आणि ते वर्षानुवर्षं चालू राहणं. डब्यातल्या पावडरीला त्याचं श्रेय देण्याचं कारण नाही. तीच वेट वॉचर्स कंपनी कर्जाच्या बोज्याने मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या दिवाळखोरी न्यायालयात गेली. ज्या आधारावर आपण आयुष्यभराची सवय उभी करणार, तो आधार एखाद्या कंपनीच्या हिशेबावर अवलंबून ठेवू नये असं मला वाटतं.

शेकचा एक उपयोग खरा आहे, तोही सांगतो. ब्रिटनमध्ये मधुमेहींना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरीच्या शेक-सूपवर ठेवून, नंतर नेहमीच्या जेवणावर हळूहळू आणून, त्यांच्यावर दोन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. दोन वर्षांनी ३६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय ताब्यात होती. पण तिथे पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या होत्या. आमच्या गटातल्या एक काकू साखरेच्या गोळ्या पूर्वीसारख्याच घेत होत्या आणि जेवणाऐवजी शेक पीत होत्या. साखर उतरून त्या घरात कोसळल्या. गोळ्यांचं काय करायचं हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही जेवण सोडू नका. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी नेलेली, दोनच वेळा जेवायची पद्धत यार्डातही बरेच जण पाळतात. तिला पैसे लागत नाहीत, ही तिची मोठीच गोष्ट. पण गोळ्यांचा हा नियम तिलाही लागू आहे, आणि दुसऱ्या वर्षीचा प्रश्नही.

आता आपल्या पुण्यातली एक गोष्ट. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण भारतीय काट्यावर सडपातळ दिसूनही आतून चरबी बाळगून असतो. म्हणून गटातला काटा आपल्याला अर्धंच सांगतो. कंबर मोजा : पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. वर्षातून दोनदा तीन महिन्यांची साखर तपासा.

दुसरी गोष्ट चेन्नईच्या डॉक्टरांची. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर त्यांनी तीन वर्षं काम केलं आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. रोजचं चालणं आणि खाण्यातले साधे बदल एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्या लोकांचं वजन फारसं उतरलंही नव्हतं! वजन परत आलं म्हणून चालणं सोडून देणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रांना मला हे ओरडून सांगावंसं वाटतं. काटा हलला नाही तरी पायांनी केलेलं काम वाया जात नाही.

म्हणून गटातली जी गोष्ट खरी होती, ती मी ठेवली. आम्ही भुसारातले काही जण सकाळी एकत्र चालतो, कधी यार्डातच, कधी पर्वतीपर्यंत. कोणी आलं नाही तर फोन करतो. चहा बिनसाखरेचा, आणि गादीवरून तासाभराने उठायचं. रात्रीच्या ताटात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ; भाजी तर आपल्या दारातच उतरते. माझं वजन गटात असतानाइतकं कमी नाही आणि तसं होईल असं मी कोणाला सांगतही नाही. साखर उंबरठ्याच्या आत आहे.

तरीही पैसे भरून गटात जायचं असेल, तर जा, पण आधी काही पक्कं करा. दोन वर्षांपूर्वी गट पूर्ण केलेल्या तीन-चार जणांना भेटू द्या म्हणावं. कोचने निवडलेल्या नव्हे, तुम्ही यादीतून निवडलेल्या. शेक थांबल्यावर काय खायचं, हे लिहून मागा. डबा उलटा करून वाचा, त्यावर औषध म्हणून वापरू नये असा इशारा असतो. लठ्ठपणा किंवा मधुमेह बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा कोणी तसं सांगू लागला की तिथून उठा. आणि वजन उतरल्यावर हमखास येणारा एक प्रस्ताव असतो. मलाही आला होता. ‘काका, आता तुम्हीच कोच व्हा. पाच ओळखीचे आणा, तुमचे डबे सुटतील.’ मी मॅडमना म्हटलं, माझ्या शब्दावर हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळे विश्वास ठेवतात, तो मला डब्यांत घालायचा नाही. माणसं आणलीत तर पैसे वसूल होतील, असं सांगून माल विकणं २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांत बसत नाही. पैसे रोख देऊ नका, पक्की पावती घ्या, सील न फोडलेले डबे परत घेणार का ते पावतीवर लिहून घ्या. नाही म्हणाले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.